सात दिवसांची मुलगी, पोपटी भिंत आणि एकच खिडकी: घरच्या घरी तान्ह्या बाळाचे फोटो कसे काढावेत?

मंगळवारपेठ_मावशी (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी आली आहे आणि गेल्या सोमवारी तिला मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत. बाळाचे वडील सैन्यात आहेत. सध्या त्यांची नेमणूक जिथे आहे तिथून आठवड्यातून एखाद्या वेळीच फोन लागतो, फोटो उघडण्याइतके नेटवर्क तर नाहीच. त्यांना रजा मिळेपर्यंत मुलगी तीन महिन्यांची होईल. म्हणून तिचे दहा-बारा फोटो कागदावर छापून लष्करी टपालाने त्यांना पाठवावेत, असे आम्ही ठरवले आहे.

अडचण अशी की माझे फोटो चांगले येत नाहीत. घर जुने आहे. बाळंतिणीची खोली माजघराच्या मागे असून तिला परसाच्या बाजूची एकच खिडकी आहे, भिंती पोपटी रंगाच्या आहेत, आणि पावसामुळे दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. फोटोत बाळाचा चेहरा हिरवट-पिवळा दिसतो, हात हलले की ते पुसट होतात, आणि जवळून काढले तर नाक व कपाळ उगाच मोठे दिसते. फ्लॅश मारू नये असे आईने बजावले आहे आणि तिचा शब्द मला मोडायचा नाही. माझ्याकडे साधा फोन आहे. भावाचा जुना डीएसएलआर कॅमेरा घरी पडून आहे, त्याला ५० मिलिमीटरची एक लेन्स आहे. शुक्रवारी बारसे आहे. त्याआधी काही फोटो निघावेत अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

कृष्णाकाठ (रविवार, रात्री १०.३५)

ताई, प्रथम अभिनंदन. सांगलीत माझा अनेक वर्षे स्टुडिओ होता, आता निवृत्त आहे. आपण सांगितलेल्या तीनही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून ती एकेक करून पाहू.

हिरवटपणा बाळाच्या अंगावर नाही, तो आपल्या भिंतीचा आहे. खिडकीतून आलेला उजेड पोपटी भिंतीवर आपटून परत बाळाच्या गालावर पडतो तेव्हा भिंतीचा रंग सोबत घेऊन येतो. त्यात ट्यूबलाइटचा वेगळ्या छटेचा उजेड मिसळला की नेमका कोणता रंग खरा धरावा हे कॅमेऱ्याला कळत नाही. भिंत रंगवण्याची गरज नाही. फोटो काढताना ट्यूबलाइट पूर्ण बंद करावी आणि बाळाच्या ज्या बाजूला खिडकी नाही त्या बाजूच्या भिंतीवर एक पांढरी चादर ताणून बांधावी. ती चादर भिंतीचा रंग अडवते आणि खिडकीचा उजेड पांढराशुभ्र परत करून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूची सावली सौम्य करते. चादरीऐवजी थर्माकोलचा तावही चालतो. आमच्या स्टुडिओत महागडे रिफ्लेक्टर येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही आम्ही थर्माकोलच वापरत होतो.

आता खिडकी. बाळाचे अंथरूण खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणावे, कारण खिडकीपासून दूर जाऊ तसा उजेड फार वेगाने कमी होतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटणारा उजेड कॅमेऱ्याला मात्र पुरत नाही, मग तो फोटो टिपायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात हललेला हात पुसट होतो. आपली दुसरी तक्रार इथेच मिटते. सध्याचे ढगाळ आभाळ हे आपले नशीब समजा, कारण ढगांतून गाळून आलेला उजेड तान्ह्या बाळाला सर्वांत शोभतो. ऊन थेट आत आलेच तर खिडकीला धुतलेले पांढरे धोतर किंवा मलमल लावावी.

बाळ कसे ठेवावे हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि नेमके इथेच बहुतेक जण चुकतात. उजेड डोक्याच्या बाजूने तिरका गालावर उतरला पाहिजे. पायांकडून आला तर तो हनुवटीखालून वर चढतो, नाकपुड्या उजळतात आणि एवढासा गोड चेहराही अनोळखी वाटू लागतो. ओळखण्याची सोपी खूण अशी की नाकाची लहानशी सावली ओठांच्या दिशेने पडली पाहिजे. ती कपाळाकडे चढत असेल तर अंथरूणच फिरवावे, बाळाला उचलून वळवू नये.

नाक मोठे दिसते कारण आपण फोन फार जवळ नेता. दोन हात मागे सरावे आणि फोनमध्ये दुप्पट झूमची वेगळी लेन्स असल्यास ती वापरावी. सौंदर्य खुलवणारे फिल्टर बंद ठेवावेत. नाकावरचे पांढरे बारीक ठिपके, खांद्यावरची मऊ लव, सोलवटलेली त्वचा हे सगळे काही आठवड्यांत नाहीसे होते. वडिलांना ते प्रत्यक्ष पाहायला मिळणार नाही, म्हणून निदान फोटोत तरी राहू द्यावे.

बालकक्ष_मिरज (सोमवार, सकाळी ७.१५)

मी मिरजेत नवजात बालकांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम केले आहे. वरील सूचना उत्तम आहेत, पण खिडकी म्हटली की मला आधी वारा दिसतो. साताऱ्याच्या पावसाळी हवेत खोली सहज गार पडते आणि सात दिवसांच्या बाळाला स्वतःची ऊब राखता येत नाही. तावदाने लावून घ्यावीत, पंखा बंद ठेवावा, आणि खोलीचे तापमान २५ अंशांच्या खाली नसावे. उघड्या अंगाचे फोटो हवे असतील तर दोन-तीन मिनिटांत काढून लगेच दुपट्यात गुंडाळावे. ऊब यावी म्हणून खोलीत शेगडी किंवा धुरी ठेवू नये, त्या धुराचा बाळाच्या श्वासाला त्रास होतो.

फोटो काढणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला असलेल्याने खोलीत येऊच नये. बाळाच्या वर फोन किंवा कॅमेरा धरायचा असेल तर त्याचा पट्टा मनगटात अथवा गळ्यात असलाच पाहिजे, आणि बाळापासून हातभर अंतरावर दुसरे माणूस बसलेले असावे, ज्याचे लक्ष केवळ बाळाकडे असेल. एकट्याने हे काम करू नये.

हनुवटी दोन्ही तळहातांवर टेकवून बसलेल्या बाळांचे फोटो आपण पाहिले असतील. नवजात बाळाला मान धरता येत नाही. तसे फोटो जाणकार माणसे बाळाचे डोके किंवा मनगट कोणीतरी सतत धरून दोन वेगवेगळ्या वेळी काढतात आणि नंतर जोडून त्यातील हात पुसून टाकतात. घरी ते करून पाहू नये. मऊ रजईवर पालथे झोपवूनही फोटो काढू नये. तान्ह्या बाळाने झोपावे ते उताणेच आणि सपाट, घट्ट अंथरुणावर.

फ्लॅशबद्दल आईंचे ऐकावे. साध्या फ्लॅशने दृष्टी जात नाही, पण बाळ दचकते, हात फाकवते आणि झोपमोड होऊन रडू लागते.

तासगावची_सून (सोमवार, दुपारी २.०५)

माझा मुलगा आता तीन वर्षांचा आहे. तो अकरा दिवसांचा असताना आम्ही एका व्यावसायिक फोटोग्राफरला घरी बोलावले होते. त्यांचे नाव लिहिणार नाही. त्यांनी टोपल्या, लोकरीच्या टोप्या, कृत्रिम पिसे असे पुष्कळ साहित्य आणले आणि सव्वा दोन तास मुलाचे कपडे बदलणे चालू ठेवले. तो रडत होता. मी दूध पाजायला घेतले की पाच मिनिटांत ‘झाले का?’ असे विचारले जाई. मी त्या वेळी बोलायला हवे होते आणि बोलले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्या फोटोंत माझा मुलगा कोणत्याही घरातला, कोणत्याही गावातला असू शकतो. आमचे असे त्यात काहीच नाही.

आज आमच्या ओसरीवर जो फोटो लावलेला आहे, तो माझ्या नणंदेने फोनवर काढलेला आहे. सासूबाई पाटावर पाय लांब करून बसल्या आहेत, त्यांच्या पायांवर मुलगा पालथा आहे आणि त्यांचा तेलाने चकाकणारा हात त्याच्या पाठीवर आहे. न्हाऊ घालण्याची वेळ सकाळी दहाची, न्हाणीघराच्या दारातून उजेड येत होता. कोणालाही ‘इकडे बघा’ असे सांगितले नव्हते.

म्हणून माझे सांगणे एवढेच की बाजारातून काही आणू नये. आपल्याकडे वाकळ असेलच. आजीच्या जुन्या लुगड्यांची, मऊ झालेली वाकळ अंथरली तर तिच्यावरचे बाळ आपल्या घरातले दिसते. मात्र भडक लाल किंवा हिरवा तुकडा चेहऱ्याजवळ येणार नाही असे पाहावे, भिंतीचा रंग जसा गालावर चढतो तसा त्याचाही चढतो. कुंची घालायची असल्यास तिची झालर डोळ्यांवर सावली टाकत नाही ना, हेही पाहावे.

वाईची_आजी (सोमवार, सायंकाळी ६.२०)

आमच्या घरात बारशापर्यंत बाळाच्या चेहऱ्याचा फोटो काढत नसत. ज्यांच्या घरी अशी रीत असेल त्यांनी ती मोडण्याची आवश्यकता नाही. तोवर मुठी, पावले, मानेवरचे जावळ, पाळण्याच्या दांडीवरची घरातली हातमाग चादर असे फोटो काढता येतात. बाळाच्या आईलाही त्यात धरावे. सगळे बाळाभोवती असतात आणि बाळंतिणीचा एकही फोटो नसतो. माझ्या पहिल्या बाळंतपणातला माझा एकही फोटो नाही. ती मुलगी आता स्वतः आजी होईल आणि अजूनही विचारते, ‘आई, तू तेव्हा कशी दिसत होतीस?’

एक विचारते. आम्ही डोळ्यांत काजळ घालत असू. फोटोत डोळे टपोरे दिसतात. आता घालावे की नाही?

बालकक्ष_मिरज (सोमवार, सायंकाळी ७.००)

आजी, नमस्कार. डोळ्यांत काजळ घालू नये. अनेक काजळांत शिसे आढळलेले आहे आणि बोटाने घातल्यामुळे डोळ्यांना जंतुसंसर्गही होतो. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावावी, हात तोंडात जातात.

टपोऱ्या डोळ्यांसाठी दुसरा उपाय आहे. या वयात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जितका दूर असतो तेवढे. दूध पिऊन झाल्यावर बाळ काही क्षण जागे आणि शांत असते. त्या वेळी आईने तेवढ्या अंतरावरून हळू बोलावे, बाळ टक लावून तिच्याकडे पाहते. फोटो काढणाऱ्याने बाजूला बसून त्याच क्षणाची वाट पाहावी.

शटर_कराड (सोमवार, रात्री ११.१०)

डीएसएलआरबद्दल थोडक्यात सांगतो. ५० मिलिमीटरची लेन्स १.८ पर्यंत उघडत असेल (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी) तरी तेवढी उघडू नये. पाऊण मीटरवरून फोटो काढताना १.८ ला जेमतेम एक-दीड सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, म्हणजे पापणी स्पष्ट आणि नाकाचे टोक पुसट. ४ वर ठेवले तर ती खोली तीन सेंटिमीटरच्या आसपास जाते. शटर, म्हणजे फोटो टिपण्याचा वेळ, १/१६० सेकंदापेक्षा मंद नसावे. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० करावा लागला तर तो खुशाल करावा. छापील फोटोत थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला चेहरा चालत नाही. फोकस जवळच्या डोळ्यावर घ्यावा. रंगासाठी बाळाच्या शेजारी पांढरा कागद ठेवून पहिला फोटो काढावा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरे कशाला धरायचे ते, ठरवावा.

मंगळवारपेठ_मावशी (मंगळवार, दुपारी १२.३०)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी दूध पाजून झाल्यावर खिडकीजवळ वाकळ अंथरली, ट्यूबलाइट बंद केली, पोपटी भिंतीवर चादर बांधली आणि आईला बाळाजवळ बसवले. फरक पाहून बहीणच म्हणाली की ही तर आपली मुलगी दिसते. हिरवटपणा पूर्ण गेला.

तरीही एक शंका आहे. पांढरा कागद फोटोत नेमका पांढरा आला आहे, पण बाळाचा चेहरा आणि छाती अजून पिवळसरच दिसते. भावाने फोनमधील एका अ‍ॅपमध्ये तो पिवळेपणा कमी करून दिला आणि फोटो सुरेख दिसू लागला. व्हाइट बॅलन्समध्ये माझे काही चुकत असेल का?

बालकक्ष_मिरज (मंगळवार, दुपारी १२.५०)

ताई, कागद पांढरा आहे आणि बाळ पिवळसर आहे, तर आपला कॅमेरा बरोबर आहे. कृपया तो फोटो बाजूला ठेवा आणि बाळाला खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, आपल्या डोळ्यांनी पाहा. नाकावर किंवा छातीवर बोट हलकेच दाबून उचलावे, त्या जागी कातडी पिवळी दिसते का ते पाहावे. डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळांना कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते, पण ती किती आहे हे फोटोवरून किंवा नुसत्या नजरेवरून ठरत नाही, त्यासाठी तपासणीच करावी लागते. आजच डॉक्टरांना दाखवावे. बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही उठत नसेल, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत आला असेल तर क्षणभरही थांबू नये. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ असे कोणी सांगितले तरी तपासणी टाळू नये.

या धाग्यावरील इतरांनाही हात जोडून विनंती आहे. पहिल्या पंधरा दिवसांत बाळाच्या फोटोतील पिवळेपणा अ‍ॅपने पुसण्याआधी बाळाला उजेडात नेऊन पाहा. ट्यूबलाइट आणि रंगीत भिंतींच्या खोलीत कावीळ घरच्यांच्या लक्षात येत नाही. लांबच्या नातेवाइकांना तर फिल्टर लावलेला गोरापान फोटोच दिसतो.

मंगळवारपेठ_मावशी (बुधवार, सायंकाळी ५.१५)

काल संध्याकाळीच बाळाला दाखवून आणले. रक्त तपासले. कावीळ आहे, पण तिच्या वयाच्या मानाने मर्यादेत आहे, दिव्याखाली ठेवण्याची गरज नाही, दूध दर दोन-अडीच तासांनी पाजावे आणि परवा पुन्हा दाखवावे, असे डॉक्टरांनी सांगितले. मिरजेच्या ताई, आपण लिहिले नसते तर मी अ‍ॅपमधला फोटो खरा मानून स्वस्थ बसले असते. भावाने तो फोटो स्वतःहून काढून टाकला.

काल रात्री भावोजींचा दोन मिनिटे फोन लागला होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘केवढी आहे?’ वजन सांगितले, तरी त्यांचे समाधान झाले नाही. फोटोत बाळ केवढे आहे हे दिसण्यासाठी काही करता येईल का? मी शेजारी त्यांचे घड्याळ ठेवून पाहिले, पण ते मांडून ठेवल्यासारखे वाटते.

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री ८.४५)

ताई, तपासणी झाली हे वाचून जिवाला बरे वाटले.

केवढी आहे हे दाखवण्याचा एक चोख मार्ग आहे, तो म्हणजे पाऊल खऱ्या मापात छापणे. नवजात बाळाचे पाऊल साधारण साडेसात-आठ सेंटिमीटरचे असते आणि ६×४ इंचांचा कागद जवळपास १५×१० सेंटिमीटरचा, त्यामुळे ते त्यावर पूर्ण मावते. बाळ गाढ झोपलेले असताना तळवा कॅमेऱ्याकडे सरळ येईल असे पाहावे. शेजारी, तळव्याच्याच पातळीला, शाळेची प्लॅस्टिकची पट्टी कोणीतरी धरावी. पट्टी मागे-पुढे झाली तर माप चुकते. कॅमेरा तळव्यासमोर अगदी सरळ असावा, तिरका नको. मग छापणाऱ्याला सांगावे की पट्टीवरचा एक सेंटिमीटर कागदावरही एक सेंटिमीटरच आला पाहिजे. माप जुळले की पट्टीचा भाग कापून टाकता येतो. तो कागद हातात घेतल्यावर आपल्या तळहातात ते पाऊल केवढे मावते हे वडिलांना थेट कळेल.

छपाईविषयी आणखी सांगायचे आहे. ६×४ च्या चांगल्या छपाईला १८०० × १२०० पिक्सेल पुरतात, परंतु व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. छापणाऱ्याकडे फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर न्यावी. अशी फाइल नातेवाइकांना मात्र पाठवू नये, तिच्यात घराचे ठिकाण नोंदलेले असू शकते. बाळाचे पूर्ण नाव, जन्मवेळ आणि रुग्णालयाची मनगटपट्टी दिसणारे फोटो समूहांवर टाकू नयेत.

आणि प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, दोन वेगळ्या घरांत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी माझ्या स्टुडिओत शिरले तेव्हा निगेटिव्हची कपाटे पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर पाकिटे एकमेकांना चिकटलेली निघाली. त्यानंतर कित्येक महिने लोक येत आणि विचारत की आमच्या बाळाची निगेटिव्ह तुमच्याकडे असेल ना, कारण त्यांच्या घरातले अल्बमही त्याच पाण्यात गेले होते. मी त्यांना काहीही देऊ शकलो नाही. ज्यांच्या मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे एखादी प्रत होती, त्यांचेच फोटो वाचले.

तासगावची_सून (बुधवार, रात्री ९.३०)

पाऊल धरताना गुदगुल्या झाल्या की बाळ पाय आखडते. घोट्याला खालून नुसता आधार द्यावा, बोटांना स्पर्श करू नये. आमच्याकडे सहा-सात प्रयत्न लागले होते.

मंगळवारपेठ_मावशी (पुढील रविवार, सकाळी ११.००)

शुक्रवारी डॉक्टरांना पुन्हा दाखवले, कावीळ उतरू लागली आहे. त्याच दिवशी सायंकाळी बारसे पार पडले. पाळणा खिडकीकडे फिरवून ठेवला होता, त्यामुळे ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणताना वाकलेल्या आत्याबाईंचा चेहरा आणि बाळ दोन्ही उजेडात आले. घुगऱ्या वाटताना गर्दी फार झाली, तेव्हा मी कॅमेरा ठेवून दिला.

एकूण ११ फोटो निवडले. बहिणीचे त्यात ३ आहेत. वाईच्या आजींनी लिहिल्यावर मी मुद्दाम काढले. एकात तिचे केस मोकळे आहेत, डोक्याला रुमाल आहे, डोळ्यांखाली जागरण दिसते, आणि मुलगी तिच्याकडे टक लावून पाहत आहे. तो पाठवू नये असे ती म्हणत होती. आईने तो उचलून सर्वांत वर ठेवला.

पावलाचा फोटो आठव्या प्रयत्नाला जमला. पट्टीवर माप ७.६ सेंटिमीटर आले. पहिल्या छपाईत ते पाऊल जवळपास ७.९ सेंटिमीटर निघाले, कारण कडेला पांढरी पट्टी न सोडता छापताना यंत्र फोटो किंचित मोठा करते, असे छापणाऱ्या दादांनी सांगितले. त्यांनी कडा सोडून पुन्हा छापून दिले आणि दुसऱ्या प्रतीचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन ती प्रत झोपलेल्या बाळाच्या पावलाशेजारी धरली. टाच टाचेला आणि अंगठा अंगठ्याला बरोबर लागला. मागे पेन्सिलीने दिवस लिहिला, ‘अकरावा’, आणि काल दुपारी पाकीट टपालात टाकले.